तुझ्या हिरड्या बऱ्या झाल्या, वहिनी

वहिनी, तुझ्या तोंडात तुळशीचं पान ठेवायची वेळ आली तेव्हा गल्लीतल्या बायांनी मलाच पुढं ढकललं. म्हणे, ही दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, हिला तोंड उघडता येतं. काय बोलावं या बायांना! खुर्चीत बसलेल्या जित्या माणसाचं तोंड उघडणं वेगळं. तू दात घट्ट मिटून पडली होतीस, माझ्यावर रुसलीस की मिटायचीस तशी. मी हनुवटीला अंगठा लावला, खालचा ओठ जरासा ओढला आणि सवयीनं माझी नजर आधी हिरड्यांवर गेली. रंग गेला होता, जायचाच. पण सूज नव्हती. पू नव्हता, रक्ताचा डाग नव्हता. दाताला कशा चिकटून बसल्या होत्या! आमच्या मॅडमनी पाहिल्या असत्या तर खूश झाल्या असत्या. मी पान ठेवलं, गंगाजळ सोडलं आणि बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकून रडले. बायांना वाटलं, दुःखानं रडतेय. दुःख होतंच गं, पण संतापही होता. तुझ्या सगळ्या अंगात बरी झालेली तेवढी एकच जागा होती, आणि तीच मी धडपडून बरी करून घेतली होती.

आता तेरावं उरकलं. धुळ्याकडचे पाहुणे गेले, तुझी लेक पिंकी कामरेजला तिच्या सासरी परत गेली. दादा कालपासून लूमच्या खात्यावर, कामाला, जायला लागला. घरात साड्यांवर खडे चिकटवायच्या गोंदाचा वास अजून आहे. तुझं अर्धं राहिलेलं साड्यांचं बोचकं शेठचा माणूस येऊन घेऊन गेला, आणि जाताना विचारतो कसा, बाकीच्या साड्या कोण करून देईल? मी त्याला असं काही बोलले की तो जिन्यावरून मागं न बघता उतरला. तू असतीस तर मला दटावलं असतंस, पोटावर मारशील का माझ्या म्हणून. आता दटावायला कुणी नाही. म्हणून मी वाट्टेल त्याला वाट्टेल ते बोलते.

तू या घरात आलीस तेव्हा मी शाळेत जाणारी शेंबडी पोर होते आणि आई जाऊन वर्ष झालं होतं. सुरतमधल्या गोडादऱ्यात, आपल्या गल्लीत, पोरी आठवी-नववीला गेल्या की साड्या घेऊन बसायच्या. मलाही बसवणार होते. तू नवी नवरी, डोक्यावरचा पदर न सरकवता दादाला म्हणालीस, रेखा बसनार नाही, तिच्या वाटचं मी करते. एवढंच. पुढं तू ते कुणाला बोलून दाखवलं नाहीस, मलाही नाही. मी बारावी झाले, सहा महिन्यांचा कोर्स केला आणि दातांच्या कॉलेजात हिरड्यांच्या विभागात लागले. पेशंटला खुर्चीत बसवायचं, हत्यारं उकळायला टाकायची, नळ्यांवर नंबर चिकटवायचे. तू गल्लीभर सांगत फिरलीस की आमची रेखा डॉक्टरीण आहे. मी कपाळावर हात मारायचे. तू म्हणायचीस, सफेद कोट घालतेस ना, मग झालं.

तुझ्या तोंडाचं दुखणं मला आधी कळायला हवं होतं असं सगळे म्हणतात. कसं कळणार? तू माझ्यापुढं तोंडच उघडायची नाहीस. बोलताना पदर ओठांवर, हसताना पदर ओठांवर. मला वाटायचं, सासरची रीत. मग एकदा दुपारी जेवताना दादानं तुला काहीतरी विचारलं. लूमच्या खडखडाटात त्याचे कान केव्हाच गेलेले, म्हणून तू त्याच्याजवळ वाकून सांगायला गेलीस आणि त्यानं तोंड बाजूला केलं. मुद्दाम नाही केलं त्यानं. पण तुला कळलं, मला कळलं. त्या दिवसापासून तू त्याच्याशी लांबून, हातवारे करून बोलायला लागलीस. मी तुला मोरीत नेलं, म्हटलं दाखव. तू नाही म्हणालीस. मी म्हटलं, मी रोज पन्नास लोकांची तोंडं बघते, तुझं काय सोन्याचं आहे? तेव्हा उघडलंस. बाई गं! हिरड्या वांग्याच्या रंगाच्या, दातांची मुळं अर्धी उघडी, पुढचे दोन दात बोटानं हलत होते. वर मशेरीचा काळा थर. आणि साखर तर तुला आधीपासून होतीच.

त्याच सुमारास आमच्या विभागातल्या एक डॉक्टर मॅडम अभ्यासाचं काम सुरू करत होत्या. साखर आणि हिरड्यांचा रोग, दोन्ही असलेली माणसं हवी होती. हिरडी आणि दात यांच्या फटीत थोडं पाणी झिरपत असतं. हिरडी आतून सडत असली की त्या पाण्यात काही द्रव्यं वाढतात. ती आधी मोजायची, मग कापाकापी न करता नुसती मुळं खरवडून साफ करायची, आणि काही आठवड्यांनी परत मोजायची, पुढं एका तिसऱ्या भेटीला नुसतं तपासून बघायचं. उतरली असली तर हिरडी खरंच बरी होतेय, नुसती वरून चांगली दिसत नाही, असं समजायचं. मी तुझं नाव घातलं. मॅडमनी एकच अट घातली, तंबाखू बंद.

वहिनी, तू मशेरी सोडशील असं मला स्वप्नात वाटलं नव्हतं. तव्यावर तंबाखू भाजायला लागलीस की शेजारची गुजराती बाई खोकत दार लावायची, आणि तू म्हणायचीस, स्वतः तंबाखूची बजर घासते ती चालते, माझ्या मशेरीचा ठसका लागतो! ती मशेरी तू सोडलीस. चिडचिड केलीस, डोकं धरून बसलीस, पिंकीवर ओरडलीस, पण सोडलीस. आणि सोडल्यावर काय झालं, तर हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग माझा जो उद्धार केलास! मशेरी होती तोवर थेंब नव्हता, तुमच्या डॉक्टरांनी सोडवली आणि रक्त काढलं. मी समजावलं की तंबाखूनं रक्त दबून राहतं, रोग आत तसाच असतो, आता तो उघडा पडला. तू म्हणालीस, दबलेला होता तो बरा होता ना मग? दादा मध्ये पडला, म्हणे ती बरोबर बोलते. हा आपला वाद कधी मिटला नाही. आजही तू समोर असतीस तर हेच म्हणाली असतीस, आणि मला आज पहिल्यांदा शंका येते की तुझंही काही चुकत नव्हतं.

त्या मोजण्याचा एक नियम होता. सकाळी उठल्यावर तोंडात काहीही न घालता यायचं. घासायचं नाही, चूळसुद्धा भरायची नाही, नाहीतर फटीतलं पाणी वाहून जातं. मी तुला आदल्या दिवशी दोनदा सांगितलं. तू मान डोलावलीस. सकाळी खुर्चीत बसलीस तर तोंडाला लवंगेचा वास. लवंग-मीठ लावून खसाखसा घासून आली होतीस. मॅडमनी कागदाची ती बारीक पट्टी हिरडीच्या कडेत सरकवली तर लालभडक होऊन बाहेर आली. रक्त लागलं की ती पट्टी फेकून द्यावी लागते. मॅडम हसून म्हणाल्या, "मासी, काले पाछा आवजो, मोढुं धोया वगर." उद्या तोंड न धुता या म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी तू परत धुऊन आलीस! म्हणे, नुसती चूळ भरली, घासलं कुठं? मला असा राग आला. गावाकडनं उठून आलेल्या बाया बिनबोभाट नियम पाळत होत्या आणि माझ्या घरची बाई दोनदा नापास. मी तुला बाहेर बाकावर नेऊन झापलं. तू खाली मान घालून ऐकलंस आणि मग हळूच म्हणालीस, "तोंड धोया बिगर कोनाना दारमा जातस का व? माले शरम वाटस."

खरं होतं ते. आपल्यात सणाच्या दिवशी कुणी पारोसं उंबऱ्यात आलं तरी तू त्याला मोरीकडे पाठवायचीस. आणि ज्या तोंडापायी नवऱ्यानं मान फिरवली, ते तोंड तसंच्या तसं, रात्रीचा वास घेऊन, तू एका परक्या शिकलेल्या बाईच्या नाकापाशी उघडायचं. हे तुझ्यासाठी किती अवघड होतं ते त्या बाकावर बसेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मॅडमना सांगितलं तर त्यांनी वेगळी तोड काढली. म्हणाल्या, त्यांना सगळ्यांच्या आधी बोलवू, दुसरं कुणी नसताना, आणि तुम्हीच घ्या त्यांचं, मी शेजारी उभी राहते. मग माझ्या हातानं तुझी पहिली पट्टी घेतली. तू डोळे मिटले होतेस आणि डोळ्यांच्या कडेनं पाणी येत होतं. दुखत नव्हतं तुला. मी ती पट्टी नळीत टाकली, नळीवर नंबर चिकटवला आणि थंड पेटीत ठेवली. नाव लिहायचं नसतं त्यावर.

मग सफाई सुरू झाली. एका एका बाजूला सुई देऊन मुळापर्यंत खरवडायचं. तू येताना देवाचं नाव घेत यायचीस आणि जाताना माझं नाव घेत जायचीस, ते कसं ते सांगायला नको. दातांवरचा दगड निघाला तशा फटी दिसायला लागल्या. आरशात बघून तू किंचाळलीस, "तुझ्या डॉक्टरनं माझ्या दातांत खिडक्या पाडल्या!" मी म्हटलं, त्या खिडक्या आधीच होत्या, दगडानं बुजल्या होत्या. तू म्हणालीस, बुजल्या होत्या ते काय वाईट होतं? बघ, परत तेच. गार पाणी लागलं की कळ जायची, मग माठाला हात लावायची नाहीस. आठवडाभर माझ्याशी अबोला धरलास. पण नरम ब्रश मी दाखवला तसा फिरवत राहिलीस, रोज, मोरीत आरसा टेकवून. अबोला होता तरी ब्रश चालू होता. मला त्याचं हसू यायचं.

आणि हळूहळू बरं वाटायला लागलं. रक्त थांबलं. हलणारे दात जरा घट्ट झाले, पूर्ण नाही, पण भाकरी तोडता यायला लागली. वास गेला. एक दिवस दादा घरात येऊन बसला आणि तू त्याच्या कानाशी जाऊन काहीतरी बोललीस, तो मोठ्यानं हसला. काय बोललीस ते मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. मी भांडी घासत होते, बघितलं नाही असं दाखवलं. वहिनी, माझ्या नोकरीचं चीज झालं असं मला त्या दिवशी वाटलं, खरंच सांगते.

दुसऱ्या मोजणीच्या दिवशी तू पारोशी आलीस. मी काही बोलले नव्हते, सांगितलं नव्हतं. सकाळी उठलीस, मोरीकडे गेलीसच नाहीस. पदर नाकापर्यंत ओढून रिक्षात बसलीस. रिक्षात आपल्या गावाकडची इंदूबाई भेटली, कुठं निघालीस, बरी आहेस का, पोरगी कशी आहे, ती बिचारी विचारतेय आणि तू नुसती मान हलवतेयस. उतरताना तिनं मला कोपर मारून विचारलं, हिला गर्व झालाय का गं? मी म्हटलं, हो, फार. कॉलेजात मॅडमनी पट्टी सरकवली आणि काढली. कोरी, ओली, रक्ताचा ठिपका नाही. "बहु सरस, मासी!" मॅडम म्हणाल्या. आणि तू हसलीस, पदर न घेता, खिडक्यांसकट. मला वाटलं, झालं. आता ही सुटली.

परतताना तू विचारलंस, माझा आकडा उतरला का ते आता कधी कळेल? मी सांगितलं की सगळ्या पेशंटांच्या नळ्या गोळा झाल्या की एकाच वेळी तपासतात, तोवर गारठ्यात ठेवतात. त्या दिवसापासून तुझं पालुपद सुरू झालं. मी कामावरून आले की चप्पल काढायच्या आधी, "मना आकडा उतरना का व?" मी म्हणायचे, नाही अजून, थांब. तू म्हणायचीस, एवढी माणसं कुठून आणणार आहेत, सगळं सुरत बोलावलंय का? मी वैतागायचे. परीक्षेला बसलेल्या पोरीसारखं तुझं चाललं होतं आणि मला वाटायचं, दुसरं काही काम नाही का हिला.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हिरड्यांची आग शमली तर साखरेलाही थोडी मदत होते. थोडी! मी तो शब्द दोन्ही भाषांत सांगितला तुला. पण तू तुला हवं ते उचललंस. तुला वाटलं, मूळ तोंडात होतं, मूळच उपटलं, आता साखर कुठून येणार? मध्ये एकदा तपासली तर जरा खाली आली होती, झालं, तुझी खात्रीच पटली. मी विचारायचे, साखरेची गोळी घेतलीस? तू म्हणायचीस, घेतली ना, किती वेळा सांगू. तुझ्या पाकिटं ठेवायच्या डब्यात, खड्यांच्या पुड्यांखाली, गोळ्यांची पानंच्या पानं मला सापडली, एकसुद्धा फोडलेलं नाही. कधी सापडली, तर तू दवाखान्यात बेशुद्ध होतीस तेव्हा. त्या गोळीनं तुला गरगरायचं, खडा जागेवर बसायचा नाही, हे शेजारणीला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. मला का नाही सांगितलंस? मी ओरडले असते म्हणून? ओरडले असते की! मग तू अबोला धरला असतास, मग मी दुसरी गोळी लिहून आणली असती, मग परत बोललो असतो. आपलं असंच तर चालायचं.

ताप आला तेव्हा तू म्हणालीस, हवा बदललीय. लघवीला आग होते हेही दोन दिवस लपवलंस, कारण पिंकी आली होती आणि तुला तिला पुरणपोळी करून घालायची होती. दवाखान्यात नेलं तर साखर मोजायच्या मशीनवर आकडाच येईना, एवढी चढली होती. तिथला डॉक्टर माझ्यावरच खेकसला, घरात दवाखान्यात काम करणारं माणूस असताना ही वेळ कशी येते? मी काही उलट बोलले नाही, मीच! आयुष्यात पहिल्यांदा. तू मध्येच जागी झालीस, माझा हात धरलास, ओठ कोरडे पडले होते. मला वाटलं, पिंकीचं काही सांगेल, दादाचं सांगेल. तू म्हणालीस, "उतरना का व?" मला आधी समजलंच नाही कशाबद्दल. समजलं तेव्हा मी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. पण तोंडाला सवय झाली होती. मी म्हणाले, नाही अजून, थांब. तू थांबली नाहीस.

लोक सांगायला येतात, तिनं सोन्यासारखा संसार केला, तिचं सोनं झालं. मी हो हो म्हणते. मनात म्हणते, कशाचं सोनं? पन्नाशी नव्हती आली. कुणी म्हणतं देवाला आवडली. असल्या बोलण्यानं माझं टाळकं फिरतं. मला तुझे आभार मानायचे होते, ते राहिले. माझ्या वाटच्या साड्या तू चिकटवल्यास, डोळे गेले तुझे त्यात, कंबर गेली. मी मनात ठरवलं होतं की दात वाचवून फेड करू, मग एक दिवस बोलू. बोलणं राहिलं आणि फेडही झाली नाही. दात वाचले, ते चितेवर गेले.

आज प्लेट लावली. तो एक पांढरा पत्रा असतो प्लास्टिकचा, त्यात छोटे छोटे खड्डे, एकेका खड्ड्यात एकेकाचं पाणी. औषध घातलं की पिवळा रंग चढतो. जितकं द्रव्य जास्त तितका गडद. नळ्यांवर नाव नसतं, पण नंबर मीच चिकटवलेले, मला तुझा पाठ आहे. मी प्लेटवर वाकून उभी राहिले. तुझा पहिला खड्डा हळदीसारखा पिवळा झाला. त्याच्या शेजारचा, पारोशा तोंडाचा, तसाच राहिला, अगदी फिका, जवळजवळ पाणीच. मी कितीतरी वेळ बघत राहिले. मग मशीननं आकडे काढले. मॅडम ओळीनं वाचत गेल्या आणि तुझ्या नंबरवर थांबल्या. "आ कोण छे? सौथी सरस रिझल्ट! या मासींना लवकर बोलवा, तिसऱ्या भेटीला फोटोच काढू."

मी म्हटलं, मॅडम, ही माझी वहिनी.

त्यांनी पेन खाली ठेवलं. चांगली पोर आहे ती, तिचे डोळे भरले. मग तिला जे म्हणायचंच होतं ते म्हणाली, की तिसरी भेट होणार नाही, म्हणजे शेवटच्या हिशेबात हा नंबर धरता येणार नाही, मध्येच सोडलेल्यांत लिहावा लागेल. नियम आहे. मला नियम माहीत आहे, कितीतरी नंबर मी स्वतः तसे काढलेत. पण माझा आवाज चढला. मी म्हटलं, मॅडम, काय लिहायचं ते लिहा, पण तिनं मध्येच सोडलं नाही. मशेरी सोडली तिनं, हे नाही सोडलं. दात न घासता, कुणाशी न बोलता अख्खा रस्ता तोंड झाकून आली होती ती तुमच्यासाठी. मॅडम म्हणाल्या, मला माहीत आहे, रेखाबेन. आणि त्यांनी ते लिहिलं. दुसरं काय करणार होत्या?

घरी आले तेव्हा दादा दिवसपाळी संपवून नुकताच आला होता. हातपाय धुऊन, चहा न घेता, तसाच जमिनीवर बसला होता. त्याला ठाऊक होतं की आज तपासणी आहे. तुझ्या जिवंतपणी तो चेष्टा करायचा, कागद घालून कुठं रोग मोजतात का म्हणून. आज मात्र मी दारात येताच त्यानं विचारलं, काय निघालं तिचं?

मी हळू सांगितलं. त्याला ऐकू आलं नाही. परत सांगितलं, तरी नाही. मग मला ओरडावं लागलं, गल्लीतल्या बाया दारात आल्या एवढं मोठ्यानं. "चांगलं निघालं, दादा! खूप चांगलं! सगळ्यांत चांगलं तिचंच निघालं!"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला राग आला नव्हता, रडतही नव्हता. सरळ विचारावं तसं त्यानं विचारलं, "मग मेली कशी?"

इतकी वर्षं मी त्या विभागात आहे, वहिनी. मोजायचं कसं ते मला येतं. दादाला काय सांगायचं ते मला आलं नाही. तो उत्तराची वाट बघत बसून राहिला आणि मी दारात उभी राहिले, अजून चप्पलही काढली नव्हती.